चुकलेल्या आठवणींचें मोल

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं अस्सल कागदास बखरीहून श्रेष्ठ ठरविलें, तेव्हांपासून आपल्याकडील संशोधक ऐकीव गोष्टींकडे संशयानें पाहात आले आहेत. हा संशय अनाठायीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इटालियन संशोधक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचें १९९१ सालचें पुस्तक वाचल्यावर त्यास मर्यादा घालणें आम्हांस अवश्य वाटतें. तेर्नी या पोलादाच्या गांवीं लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजीं नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांकडून मारला गेला. पुढें अनेक वृद्ध कामगारांनीं मात्र हा मृत्यु १९५३ च्या नोकरकपातीच्या दंग्यांतला म्हणून सांगितला. तारीख चुकली खरी. पण ज्या वर्षीं दोन हजारांवर कामगारांची भाकर तुटली, त्या वर्षाशीं त्यांच्या मनानें तो मृत्यु जोडला. कागदानें घटना कळली, चुकीनें तिचा अर्थ कळला.

चित्रपट याहून पुढें जातो. क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून दीर्घ चित्रपटांत त्रेब्लिंका छावणींतून वांचलेला न्हावी बोलतां बोलतां थांबतो. तें मौन कोणत्या दप्तरांत सांपडणार? मात्र तेथील केशकर्तनालय चित्रणासाठींच भाड्यानें घेतलेलें होतें, हेंही विसरतां कामा नये. साक्ष कोणीं, कोठें व कशी काढली, हें तिच्याबरोबर नोंदविलेंच पाहिजे.

१९८२ च्या संपांतले मुंबईचे गिरणीकामगार आतां वृद्ध झाले आहेत. कागद थांबेल, माणसें थांबणार नाहींत.