चार प्रकरणांत विभागलेला समाज

महाविद्यालयांत प्रास्ताविक समाजशास्त्राची जी पाठ्यपुस्तके शिकविली जातात, त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. शिक्षण, राज्यसंस्था, लोकसंख्या आणि धर्म ही चार स्वतंत्र प्रकरणे. प्रत्येकाची व्याख्या, वैशिष्ट्ये, कार्ये आणि शेवटी स्वाध्याय. नवोदित विद्यार्थ्याला ही विभागणी सोयीची आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या संस्था परस्परांना कशा घडवितात, हा मूळ प्रश्नच तीत हरवतो. जातिव्यवस्था तर नेमकी त्यांच्या सांध्यांतच वास करते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. असा विवाह टिकवायचा तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. जोडीदाराच्या मृत्यूने हा समतोल ढळतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तो सावरण्याचे उपाय. त्यांचे धार्मिक गौरवीकरण मागाहून झाले. लोकसंख्येचे गणित आणि धर्माची रूढी येथे एकाच सूत्रात गुंफली गेली. पाठ्यपुस्तकांनी हे सूत्र पुन्हा दोन प्रकरणांत तोडले आहे.

धम्मदीक्षेचेच उदाहरण घ्या. १९५१ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची संख्या सुमारे १.८ लाख होती. १९६१ मध्ये ती ३२ लाखांवर गेली. त्यांपैकी सुमारे २७.९ लाख महाराष्ट्रातील होते. लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांनी बदलते, असे पुस्तक सांगते. या तिन्हींनी ही वाढ उलगडत नाही. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या निर्णयाची वाढ आहे.

हा आकडाही निर्भेळ नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. मधल्या ३४ वर्षांत धर्मांतरिताला केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. म्हणून अनेकांनी मनाने धम्म स्वीकारूनही कागदावर जुना धर्म राखला. शिष्यवृत्तीच्या अर्जातील धर्माचा रकाना भरताना विद्यार्थी चारही प्रकरणे एकदम जगत होता.

२०११ च्या जनगणनेनुसार बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१.२९ टक्के, तर देशाचे ७२.९८ टक्के आहे. यामागे केवळ शाळांची उपलब्धता नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेपूर्वी ११ वर्षे स्थापन झाली. शिक्षणाची आकांक्षा चळवळीने आधीच रुजविली होती. मात्र सरासरीवर समाधान मानणे हाही पाठ्यपुस्तकी दृष्टीचाच दोष होय. त्याच जनगणनेत बौद्ध पुरुषांची साक्षरता ८८ टक्क्यांवर, तर स्त्रियांची ७४ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या निबंधाने जातीचे कोडे स्त्रीच्या बंधनातून उलगडले, त्याच्या वारसांना हे अंतर डावलता येणार नाही.

म्हणून आमची अध्यापकांना विनंती आहे की, प्रास्ताविक समाजशास्त्राचा आरंभ त्यांनी व्याख्यांऐवजी १९१६ च्या या निबंधाने करावा. चार प्रकरणे नंतर खुशाल शिकवावीत. विद्यार्थी त्यांतील दुवे स्वतःच शोधू लागेल.