विमान कशाला म्हणायचं? मरुत्सखा, ड्रोन आणि मॅक ६

‘तळपदेंनी राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी विमान उडवलं’ हे वाक्य तुम्ही विज्ञान दिनाच्या भाषणात किंवा एखाद्या फॉरवर्डमध्ये नक्की ऐकलं असेल. आज त्याची चिरफाड करू, पण सुरुवात तारखेपासून नाही, ‘विमान’ या शब्दापासून. पेट निघाल्यावर आरआरसीसमोर बसाल तेव्हा तुम्हालाही हेच विचारतील की शीर्षकातल्या मुख्य शब्दाची व्याख्या काय?

कथा अशी सांगितली जाते: १८९५ मध्ये मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं यंत्र उडवलं, ते सुमारे १५०० फुटांवर गेलं आणि खाली आलं. आत माणूस नव्हता.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे ‘पायलटच नव्हता, मग विमान कसलं?’ हा आक्षेप कच्चा आहे, तो वापरू नका. १९४४ च्या शिकागो कराराचं आठवं कलमच वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांबद्दल आहे. परवानगीशिवाय ती दुसऱ्या देशावरून उडवू नका, असं ते सांगतं. म्हणजे ती विमानं आहेत हे तेव्हाच गृहीत धरलेलं होतं. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मानवरहित यंत्रांचे तीन प्रकार आहेत: एअरोप्लेन, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड. रिसोड-मालेगावच्या शिवारात सोयाबीनवर फवारणी करणारा पंख्यांचा ड्रोन यात रोटरक्राफ्ट ठरतो. तो एअरक्राफ्ट आहे, पण एअरोप्लेन नाही. कारण माणूस नाही हे नसून पंख फिरतात हे आहे. आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येत एअरोप्लेन म्हणजे हवेपेक्षा जड, इंजिनाच्या जोरावर चालणारं आणि उड्डाणात मुख्यतः स्थिर पृष्ठभागांवरच्या हवेच्या प्रतिक्रियेने उचललं जाणारं यंत्र. त्यात माणसाचा उल्लेखच नाही.

मराठीत आपली आणखी एक पंचाईत आहे. एअरक्राफ्ट आणि एअरोप्लेन या दोन्हींना आपण विमानच म्हणतो. पुष्पक हेही विमान, तुकोबांना न्यायला आलं तेही विमान. इतका ऐसपैस शब्द असला की दावा कुठून कुठे सरकला ते कळत नाही.

बरं, माणसाची अट काढून टाकू. मरुत्सखाला व्याख्येत जागा मिळाली, पण त्याच दारातून आणखी कोण आत येतं ते बघा. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांचं रबराच्या पिळावर चालणारं छोटं मॉडेल १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडालं. म्हणजे तळपदेंच्या २४ वर्षं आधी! अट सैल करून तळपदे पहिले होत नाहीत. अट घट्ट केली, माणूस आत हवा म्हटलं, तर ते शर्यतीतच राहत नाहीत. पहिलेपणाचा दावा दोन्हीकडून पडतो, आणि तोही चौपाटीवरचं उड्डाण खरंच झालं असं मानून.

आता पुराव्याकडे. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचं वाफेवरचं मानवरहित यंत्र ६ मे १८९६ ला सुमारे एक किलोमीटर उडालं. तिथे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होते आणि त्यांनी फोटोही घेतले. आपल्या कथेत ‘केसरी’चं नाव येतं, पण अंकाची तारीख आणि मजकूर सोबत येत नाही. तुमच्या प्रबंधात असा संदर्भ दिला तर गाईड काय म्हणतील, ते तुम्हीच ठरवा.

इथे दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती घ्यायला हवी. तळपदेंचा विषय निघाला की लोक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मुकुंद आणि सहकाऱ्यांचा १९७४ चा लेख पुढे करतात. लेख उत्तमच आहे, मिळवून वाचा. आधी भाषा तपासली, ग्रंथ विसाव्या शतकातला ठरवला आणि मग आराखडे यंत्रशास्त्राच्या कसोटीवर घासले. पण त्यांनी तपासला तो ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ, चौपाटीवरचा प्रसंग नाही. पंडित सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदेंनी केलेली यंत्रं उडाली नाहीत, एवढी नोंद त्यात येते. ‘१८९५ ची घटना संस्थेने खोटी ठरवली’ असं लिहिणं म्हणजे लेखाच्या तोंडी नसलेलं वाक्य घालणं.

व्याख्येवरून भांडणारे फक्त आपणच नाही. लँग्लींचं माणूस नेणारं यंत्र १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं, तरी त्यांच्या स्मिथसोनियन संस्थेने पुढे त्याला उड्डाणास ‘सक्षम’ असलेलं पहिलं विमान म्हटलं. चिडलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी आपलं विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिलं. ते अमेरिकेत परतलं १९४८ मध्ये. कारण काय, तर एक विशेषण.

मग ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाच्या, म्हणजे हायपरसॉनिक यंत्रांचं काय? ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओच्या एचएसटीडीव्हीला रॉकेट मोटरने ३० किलोमीटर उंचीवर नेलं. तिथे सुटं होऊन ते स्क्रॅमजेटवर मॅक ६ ने, सेकंदाला जवळपास २ किलोमीटर, २० सेकंदांहून जास्त उडालं. स्वतः जमिनीवरून उठत नाही म्हणून ते विमान नाही, असं म्हणाल तर एक्स-१५ आठवा. तेही बी-५२ खालून सोडलं जायचं, १९६७ मध्ये मॅक ६.७ ला पोहोचलं आणि त्याला सगळे विमानच म्हणतात.

खरी कसोटी व्याख्येतल्या ‘मुख्यतः’ या शब्दाची आहे, आणि ती चक्क मोजता येते. पृथ्वी गोल आहे. तिच्या वळणाबरोबर वळायला लागणारं बल गुरुत्वाकर्षणच पुरवतं, त्यामुळे पंखांना तेवढं वजन कमी पेलावं लागतं. हा वाटा म्हणजे वेग भागिले कक्षीय वेग, या गुणोत्तराचा वर्ग. कक्षीय वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर धरा. २ किलोमीटरला वाटा येतो फक्त ६ टक्के. उरलेलं ९४ टक्के वजन हवाच पेलते, म्हणजे लिफ्टच्या हिशोबाने हे यंत्र अजून विमानच. निम्म्याची रेषा येते ५.६ किलोमीटरला. अमेरिकेचं एचटीव्ही-२ हे इंजिन नसलेलं यंत्र २०१० आणि २०११ मध्ये मॅक २० साठी सोडलं होतं. तो वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धरला तर वाटा ५८ टक्क्यांवर जातो. बनवणारे त्याला ग्लायडर म्हणतात, पण त्या वेगाला त्याचं अर्ध्याहून जास्त वजन हवेवर नसतंच.