पुन्हा धुराड्याच्या उंचीकडे

2015 पर्यंत आपल्या औष्णिक वीज केंद्रांमधून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी देशपातळीवर नियम होता तो फक्त धुराड्याच्या उंचीचा. 7 डिसेंबर 2015 रोजी पर्यावरण मंत्रालयाने प्रथमच या वायूला, तसेच नायट्रोजनच्या ऑक्साइडांना आणि पाऱ्याला मर्यादा घातली. जुन्या केंद्रांना दोन वर्षे दिली. ती अधिसूचना वाचून आम्हांला बरे वाटले होते. पुढे 2017, 2021, 2022 आणि 2024 साली मुदत वाढत गेली आणि 11 जुलै 2025 रोजी सुमारे 78 टक्के संचांना या मर्यादेतून मोकळे करण्यात आले. अट एकच, धुराडे नियमाइतके उंच हवे. दहा वर्षांनी गाडी पहिल्याच स्थानकावर!

सूट देताना सांगितले जाते की आपल्या कोळशात गंधक कमी असते. ते खरे आहे. साधारण अर्धा टक्काच असते. पण आपला कोळसा राखेने भरलेला, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. वर्गात फळ्यावर हिशेब मांडून पाहावा. 500 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे 7,500 टन कोळसा लागतो. त्यात गंधक 37.5 टन. गंधकाचा अणुभार 32, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार 64. म्हणजे वायू रोज 75 टन. राखेत अडकणारे थोडे गंधक वजा केले तरी आकडा लहान होत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की सभोवतालच्या हवेत हा वायू मोजला तर तो घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम या 24 तासांच्या मर्यादेत भरतो. आमचा खरा आक्षेप इथे आहे. 275 मीटर उंचीवरून सुटलेला वायू पायथ्याशी थोडाच पडतो? तो वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. वाटेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्यूरिक आम्ल बनते, ते हवेतल्या अमोनियाशी संयोग पावते आणि अमोनियम सल्फेटचे कण तयार होतात. हे कण अडीच मायक्रोमीटरहून लहान असल्याने फुप्फुसात खोलवर शिरतात. मापनात मात्र त्यांची नोंद सूक्ष्म कणांच्या रकान्यात होते, वायूच्या नव्हे. साखर विरघळली की ती नाहीशी झाली असे पाचवीतला मुलगा म्हणाला, तर आपण त्याला पाणी चाखायला सांगतो.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. शेकडो संचांना एकच तारीख आणि यंत्रणा पुरवणारे मोजके, अशा स्थितीत दोन वर्षे अपुरीच होती. चुनखडीने धूर धुवायचा तर 75 टन वायूसाठी सुमारे 117 टन चुनखडी रोज हवी, आणि त्यातून 51 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. अर्थात कोळशाच्या ज्वलनातून निघणाऱ्या हजारो टनांपुढे तो किरकोळच. पण मुदत सरकत गेल्याचा फटका बसला तो ज्यांनी वेळेवर यंत्रणा बसवली त्यांना. त्यांची वीज काही पैशांनी महागली. वीज घेताना स्वस्त संचाला अग्रक्रम असतो, त्यामुळे न धुतलेल्या धुराची वीज आधी उचलली जाते.

या बाबतीत डहाणूचे उदाहरण जवळचे. तिथल्या 500 मेगावॅटच्या केंद्राभोवती चिकूच्या बागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने 1999 साली गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. तिथेही आठ वर्षे गेली. पण आदेश मागे घेतला गेला नाही. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ती यंत्रणा 2007 साली सुरू झाली, आणि केंद्र त्यानंतरही वीज देत राहिले.