जळलेल्या कडांचे पान : टोल्किन यांच्या हस्तलिखितांच्या प्रदर्शनाची समीक्षा

एखाद्या प्रसिद्ध लेखकाच्या हस्तलिखितांचे प्रदर्शन म्हटले की त्याचा टाक, त्याचा चष्मा आणि सुवाच्य अक्षरातील चार पाने एवढेच बहुधा प्रेक्षकाच्या वाट्याला येते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात, मार्क्वेट विद्यापीठाच्या हॅगर्टी कला संग्रहालयात ऑगस्ट ते डिसेंबर २०२२ या काळात जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) यांच्या हस्तलिखितांचे जे प्रदर्शन भरले, त्याची मांडणी याहून वेगळी होती. ‘हस्तलिखिताची कला’ हे त्याचे सूत्र. टोल्किन यांनी प्राध्यापक म्हणून अभ्यासलेली मध्ययुगीन हस्तलिखिते आणि कादंबरीकार म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेली पाने यांचे नाते त्यात तपासले होते. भाषेच्या अध्यापकांना हे सूत्र मोलाचे वाटावे. मात्र त्याची एक मर्यादाही आहे.

प्रथम संग्रहाविषयी. १९५७ साली मार्क्वेट विद्यापीठाने ‘द हॉबिट’ व ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांची हस्तलिखिते १५०० पौंडांना विकत घेतली. उर्वरित कागदपत्रांचा मोठा भाग ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. अर्थात एकाच लेखकाचे मसुदे दोन खंडांत विभागले गेले आहेत. हे मसुदे कादंबरीची जडणघडण उघड करतात. वाचकांना अॅरागॉर्न या नावाने परिचित असलेला राजवंशीय वीर प्रारंभीच्या मसुद्यांत ‘ट्रॉटर’ नावाचा, लाकडी जोडे घालणारा एक हॉबिट होता. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, म्हणून काही मजकूर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिला गेला. आधी पेन्सिलीने लिहायचे आणि त्याच ओळींवर पुन्हा शाईने लिहायचे, अशीही पाने आहेत. प्रतिभेविषयीच्या भाबड्या समजुती दूर करण्यास अशी पाने पुरेशी आहेत.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. टोल्किन आपली कथा ‘रचलेली’ म्हणून सादर करीत नाहीत, ‘नकलून आलेली’ म्हणून सादर करतात. कथेत मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे आणि त्याच्या प्रती उरल्या आहेत. त्यांपैकी एक महत्त्वाची प्रत फिंडेगिल नावाच्या राजलेखनिकाने केली आहे. उर्दू-फारसी हस्तलिखिताच्या शेवटी कातिब आपले नाव आणि तारीख नोंदवतो, त्या तरकीम्याशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ही युक्ती लगेच ओळखता येते. १९५१ साली ‘द हॉबिट’च्या नव्या आवृत्तीत गॉलमचे प्रकरण बदलले, तेव्हा जुन्या पाठाचे काय करायचे हा प्रश्न होता. टोल्किन यांनी तो दडपला नाही. कथानायकाने आधी सांगितलेली ती खोटी हकिकत होती, असे ठरवून त्यांनी पाठभेदालाच कथेचा भाग केले. त्यांची टेंग्वार लिपीही याच अभ्यासातून आली. तिच्या प्रचलित पद्धतीत व्यंजने अक्षरांनी आणि स्वर वरच्या खुणांनी दाखवले जातात. जबर, जेर, पेश शिकवणाऱ्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

‘मजारबुलच्या ग्रंथा’ची पाने हे या वृत्तीचे टोक होय. मोरियाच्या भुयारातील बुटक्यांच्या बखरीची ही पाने टोल्किन यांनी स्वतः लिहिली, त्यांच्या कडा जाळल्या, शिवणीची भोके पाडली आणि रक्ताचे डाग रंगवले. छपाईच्या खर्चामुळे १९५४ च्या पहिल्या आवृत्तीत ती येऊ शकली नाहीत. या पानांमागे ‘बेओवुल्फ’चे स्मरण असावे, असे मानण्यास जागा आहे. टोल्किन यांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या या काव्याची एकच प्राचीन प्रत उरली आहे, आणि १७३१ च्या आगीत तिच्याही कडा होरपळल्या होत्या.

प्रदर्शनाच्या सूत्राची मर्यादा येथेच जाणवते. ‘कला’ हा शब्द पुढे केला की दृष्टी सुंदर पानाकडे वळते, आणि हानीसुद्धा सजावट वाटू लागते. टोल्किन यांच्या पानाची जळकी कड हा अलंकार आहे. ‘बेओवुल्फ’ची जळकी कड म्हणजे कायमची गेलेली अक्षरे. शिवाय काचेखालील पान एकाच बाजूने दिसते. मसुदा मात्र पाठपोट आणि क्रमाने वाचावा लागतो, त्याशिवाय ट्रॉटरचा अॅरागॉर्न कसा झाला हे कळत नाही. संग्रहालय पानाचा आदर शिकवू शकते, पानाचे वाचन शिकवणे हे वर्गाचेच काम आहे.

‘बेओवुल्फ’च्या इतिहासातील एक तपशील या संदर्भात बोलका आहे. आगीनंतरही त्या पानांच्या कडा झिजत राहिल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉर्केलिन या विद्वानासाठी तिच्या दोन नकला झाल्या. त्यांपैकी एक, ती भाषा न जाणणाऱ्या एका मोलकरी लेखनिकाने केली. मूळ पानावरून पुढे नाहीशी झालेली कित्येक अक्षरे आज केवळ या नकलांमुळे वाचता येतात.

दख्खनच्या अध्यापकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींमधील भेद पाहूनच. मुल्ला वजहीचा ‘सबरस’ १६३५ चा, परंतु मौलवी अब्दुल हक यांच्या संपादनातून तो छापून आला १९३२ साली. मधली तीन शतके तो कातिबांच्या हातांनी जिवंत ठेवला. तरीही पदवीच्या वर्गात या दोन्ही ग्रंथांचे उतारे जणू छापील अवस्थेतच जन्मले, अशा रीतीने शिकवले जातात. पाठभेद हा शब्द विद्यार्थ्याला भेटतो तो व्याख्येपुरता.

यावर उपाय खर्चिक नाही. एका उताऱ्याच्या दोन पाठांची छायाप्रत वर्गात वाटावी आणि फरक शोधण्यास सांगावे. विद्यार्थ्यांच्या घरी, मशिदीत किंवा दर्ग्यात जुनी बयाज अगर पोथी असेल, तर मालकाच्या संमतीने तिच्या प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि तरकीमा उतरवून ठेवावा. लिपी पूर्ण वाचता आली नाही तरी हरकत नाही. त्या मोलकरी लेखनिकालाही भाषा येत नव्हती.