प्रेरणेचा उगम आणि प्रेरणेचा टिकाव : मराठी उद्योजक-चरित्रांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

उद्योजकता हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावल्यापासून 'प्रेरणा' हा शब्द वाणिज्य, मानसशास्त्र आणि मराठी या तिन्ही विभागांच्या व्याख्यानांत सारख्याच सहजतेने वावरू लागला आहे. वाणिज्याच्या वर्गात तो सिद्धान्त म्हणून येतो, मराठीच्या वर्गात चरित्रनायकाचा गुण म्हणून येतो आणि उद्योजकता शिबिराच्या उद्घाटनात पाहुण्यांच्या भाषणातला कळसाचा शब्द म्हणून येतो. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. यशस्वी उद्योजकाच्या अंतःकरणात एखादी ज्योत आरंभी पेटते आणि तीच त्याला अखेरपर्यंत उजेड पुरविते, असे ते गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि वालचंद हिराचंद या दोन उद्योजकांच्या चरित्रसामग्रीच्या आधारे केली आहे. उद्योग सुरू करावयास लावणारी प्रेरणा आणि तो तीस-चाळीस वर्षे चालवावयास लावणारी प्रेरणा या दोन भिन्न गोष्टी असून, मराठी चरित्रलेखनाने पहिलीचे उत्तर दुसरीच्या प्रश्नावर चिकटविले आहे, असे या तपासणीतून दिसते.

चरित्राचा साचा

मराठीतील उद्योजक-चरित्रे ओळीने वाचली असता त्यांतील प्रसंगांचा क्रम चटकन ध्यानात येतो. बेताची परिस्थिती, विद्यार्थिदशेतील चमक, नोकरीतील अपमान, राजीनामा, उपहास, पहिला ग्राहक आणि अखेरीस वैभव, असा हा क्रम आहे. संतचरित्रांच्या आख्यानपरंपरेत वाढलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटतो. उपरती, छळ आणि साक्षात्कार यांच्या जागी राजीनामा, तोटा आणि कारखाना आलेले असतात, इतकेच. या साच्यात अपमानाच्या प्रसंगाला फार मोठे काम करावे लागते. नायकाच्या पुढील साऱ्या आयुष्याचे स्पष्टीकरण त्या एका प्रसंगातून काढले जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या (१८६९–१९५६) बाबतीत हा प्रसंग मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील आहे. तेथे शिक्षक असताना बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी नोकरी सोडली. प्रसंग खरा आहे आणि वसाहतकालीन शिक्षणखात्याच्या रीतीशी सुसंगतही आहे. परंतु बढती नाकारली गेलेले हिंदी शिक्षक त्या काळी थोडेथोडके नव्हते. बहुतेकांनी गिळून नोकरी केली, काहींनी वकिली धरली, काही सार्वजनिक कार्यात शिरले. अपमानाने मुंबई का सुटली हे कळते; नांगर का घडला हे त्यातून कळत नाही.

मॅक्लेलंड आणि त्याचा मराठी अवतार

अभ्यासक्रमातील प्रेरणा-सिद्धान्तांमध्ये डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या मांडणीला मानाचे स्थान आहे. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अचीव्हिंग सोसायटी' या ग्रंथात त्यांनी आर्थिक विकासाचा संबंध समाजातील संपादन-प्रेरणेशी जोडला. ही प्रेरणा प्रबळ असलेली व्यक्ती मध्यम प्रतीची जोखीम पत्करते, निकालाची जबाबदारी स्वतःकडे घेते आणि आपल्या कामाचे फळ लवकर व स्पष्टपणे कळावे अशी अपेक्षा बाळगते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या सिद्धान्ताचा भारताशी संबंध केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांना १९६० च्या दशकात हैदराबादच्या संस्थेच्या साहाय्याने दहा दिवसांचे प्रशिक्षण देऊन ही प्रेरणा वाढविता येते का, याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुढे देशभर जे उद्योजकता विकास कार्यक्रम उभे राहिले, त्यांतील प्रेरणा-प्रशिक्षणाच्या तासाचे मूळ येथे आहे.

मॅक्लेलंड यांच्या मांडणीतील एक घटक मराठी व्याख्यानांत येता येता गळून पडला आहे. फळ लवकर व स्पष्टपणे कळणे ही गोष्ट मनाइतकीच कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. काही कामे कर्त्याशी बोलतात, काही बोलत नाहीत. मूळ सिद्धान्तात व्यक्ती आणि काम यांच्यातील हे नाते सूचित होते. व्याख्यानात मात्र केवळ व्यक्ती उरते, आणि तिच्या ठायी 'प्रेरणा आहे' अथवा 'प्रेरणा नाही' एवढाच निवाडा शिल्लक राहतो.

याहून जुनी आणि अधिक मोकळी मांडणी जोसेफ शुंपीटर यांची आहे. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी उद्योजकाच्या मागे स्वतःचे खासगी साम्राज्य उभारण्याची आकांक्षा, झुंजून जिंकण्याची ईर्षा आणि काहीतरी घडविण्याचा आनंद अशा तीन प्रवृत्ती सांगितल्या. संपत्तीचा उपभोग यांत नाही. ही यादी प्रयोगशाळेतून आलेली नाही; तिला निरीक्षणाचेच बळ आहे. तरीही चरित्रांच्या वाचनात ती अधिक उपयोगी पडते, कारण एकच माणूस आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या प्रवृत्तीने चालू शकतो, याला तीत वाव आहे.

नांगर, माळ आणि माणसे

लक्ष्मणरावांच्या आयुष्याचा उत्तरभाग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. चित्रकार होण्यासाठी ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंगांधत्वामुळे चित्रकला सोडून त्यांना यांत्रिक रेखनाकडे वळावे लागले. नोकरी सुटल्यावर बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत सायकलींचा व्यवसाय, मग कडबाकुट्टी यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, असा हा प्रवास आहे. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

या दोन वर्षांचे वर्णन चरित्रग्रंथांत 'अढळ निष्ठा' अशा शब्दांत येते. परंतु नांगर न खपणे ही नुसती निराशेची गोष्ट नसते. ती माहितीही असते. शेतात नेलेला नांगर जमिनीत किती उतरतो, फाळ किती दिवसांत झिजतो, बैलांना ओढ किती बसते, दुरुस्ती गावच्या लोहाराच्या आवाक्यातली आहे की नाही, हे सारे प्रश्न काळ्या जमिनीत एका दिवसात उत्तर देतात. रेखनकलेत मुरलेल्या माणसाला असे उत्तर म्हणजे पुढचे रेखाचित्र असते. जे बाहेरून चिकाटीसारखे दिसते, ते आतून पुष्कळदा एका अपुऱ्या राहिलेल्या कामाचे कुतूहल असते. शुंपीटर यांच्या तीन प्रवृत्तींपैकी तिसरी येथे ठळकपणे दिसते, आणि तिला पोसणारा पदार्थ शेतातून येतो.

दुसरी बाब माणसांची. बेळगावची जागा नगर-विस्तारामुळे सोडावी लागल्यावर उद्योग मोडण्याचा प्रसंग आला. त्या वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाच्या, सापांच्या माळावर किर्लोस्करवाडीची वसाहत सुरू झाली. लक्ष्मणराव त्या वेळी चाळिशीत होते. त्यांच्यासमवेत आलेली कुटुंबे आपापली घरे मोडून आली होती. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी व्यवस्था, काम आणि हिशेब वाटून घेतले. अशा वस्तीत उद्योजकाला सकाळी उठून 'आज प्रेरणा आहे काय' असे स्वतःस विचारण्याची सोय उरत नाही. कारखाना बंद पडला तर गावच उठणार असते. आणि हे बंधन दुहेरी होते : मालक माणसांना बांधला गेला, तशी माणसेही त्याला. या दुसऱ्या बाजूविषयी, विशेषतः घरातील व वसाहतीतील स्त्रियांच्या श्रमाविषयी, चरित्रे फार त्रोटक बोलतात. माळावरच्या पहिल्या वर्षांत नायकाचे मन कोणी सावरले, या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथे असावे.

१९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे शंकरराव किर्लोस्करांचे नियतकालिकही याच संदर्भात पाहता येते. मालाची जाहिरात म्हणून आरंभलेले ते पत्र पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा भाग झाले. कारखान्याची गोष्ट कारखान्याबाहेरच्या वाचकाला दरमहा सांगत राहिल्याने ती गोष्ट सांगणाऱ्यांवरही बंधनकारक होते.

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळपोळीत सापडला. तोपर्यंत कारभार पुढच्या पिढीकडे गेला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये पदवी घेतलेले शंतनुराव उद्योगसमूहाचा विस्तार करीत होते आणि पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्येच निघाला होता. जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तो कोणाच्या प्रेरणेने उभा राहिला, हा प्रश्न एकवचनी नायकाच्या चरित्रात बसत नाही.

हट्ट की चिकाटी

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. बंगालच्या फाळणीनंतर, म्हणजे १९०५ च्या पुढे, स्वदेशीच्या लाटेत देशभर लहान कारखाने निघाले आणि त्यांतील अनेक काही वर्षांतच बंद पडले. त्यांच्या चालकांच्या ठायी स्वाभिमान, त्याग, जिद्द यांपैकी कशाचीही उणीव होती असे मानण्यास आधार नाही. भांडवल थकले, परदेशी माल स्वस्त पडला, कारागीर मिळाला नाही. त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. ज्यांची लिहिली गेली त्यांच्याकडे प्रेरणा होती, हे विधान त्यामुळे खरे असूनही फारसे सांगत नाही. टिकला तर चिकाटी, बुडाला तर हट्ट, असा नामकरणाचा हा व्यवहार आहे. आणि नाव निकालानंतर ठेवले जाते.

महाविद्यालयाच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. कर्ज काढून दुग्धव्यवसाय अथवा छपाईचे यंत्र घेतलेला पदवीधर जेव्हा तिसऱ्या वर्षी थकतो, तेव्हा प्रेरणेच्या प्रचलित भाषेत त्याच्यासाठी एकच निदान असते : तो कमी पडला. येणी अडकली, वीज गेली, भागीदाराने हात काढून घेतला, या गोष्टी त्या भाषेत 'सबबी' ठरतात. औंधच्या अधिपतींनी दिलेले बिनव्याजी कर्ज मात्र त्याच भाषेत नायकाच्या तेजाचे फळ म्हणून येते. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. ते कोणत्या आधारावर उभे होते एवढेच दिसते, आणि वर्गातील मुलाला तेच दिसावयास हवे.

वालचंद : प्रतिस्पर्ध्यावर पोसलेली ईर्षा

वरील विवेचन जसेच्या तसे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना लागू करता येत नाही. सोलापूरच्या गुजराती जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थाचे मन एका यंत्रात गुंतलेले नव्हते. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची बांधकामे, बोरघाटातील बोगदे, जहाजे, साखर, विमाने, मोटारी, असा त्यांचा विस्तार आहे. हाती घेतलेले काम उत्तर देत राहते म्हणून माणूस टिकतो, असे म्हणावे तर वालचंद दर काही वर्षांनी नवेच काम उघडताना दिसतात.

त्यांच्या बाबतीत स्थिर राहिला तो प्रतिस्पर्धी. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली आणि सिंदिया कंपनीचा ब्रिटिश जहाज कंपन्यांशी संघर्ष सुरू झाला. दर पाडून नव्या कंपनीला बुडविण्याचे तंत्र प्रस्थापितांनी वापरले. १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार स्वीकारावा लागला आणि तिच्या वाढीवर मर्यादा पडल्या. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले. बंगळुरात १९४० मध्ये सुरू केलेला विमानांचा कारखाना दोनच वर्षांत सरकारकडे गेला. विशाखापट्टणच्या जहाजबांधणी केंद्राची कोनशिला १९४१ मध्ये बसली. प्रत्येक नकार हा पुढील योजनेचा आरंभ ठरला. शुंपीटर यांच्या दुसऱ्या प्रवृत्तीचे, झुंजण्याच्या ईर्षेचे, याहून नेमके उदाहरण मराठी मुलखात मिळणे अवघड आहे.

गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेल्या वालचंदांच्या विस्तृत चरित्राच्या शीर्षकात व्यक्ती आणि कर्तृत्व यांच्यामध्ये 'काळ' हा शब्द आहे, ही गोष्ट चरित्रकाराच्या जाणिवेची साक्ष देते. वालचंदांची ऊर्जा काळाने पुरविली होती. परकी सत्ता आणि तिची जहाजे हा त्या ऊर्जेचा अर्धा भाग होता. साहजिकच स्वातंत्र्योत्तर काळ येथे कळीचा ठरतो. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणला 'जल-उषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ज्या लढ्यासाठी तीस वर्षे वेचली त्यातील हा विजयच होता, आणि प्रतिस्पर्धी देश सोडून गेला होता. आता परवाने, धोरणे आणि राष्ट्रीयीकरणाचे विचार आपल्याच सरकारकडून येत होते. ज्याची ईर्षा विरोधावर पोसली गेली, तो माणूस विरोधक नाहीसा झाल्यावर कशावर उभा राहतो, हे वालचंदांच्या पुढील दशकात दिसले असते. परंतु १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, १९५० मध्ये सिंदियाचे अध्यक्षपद सुटले, १९५२ मध्ये जहाजबांधणी केंद्राची बहुतांश मालकी सरकारकडे गेली आणि पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले.