सायकलीचा शक्तिमापक आणि एक टक्क्याचा दावा

शक्तिमापकाच्या जाहिरातीत 'अचूकता ±1 टक्का' हे शब्द ठळक असतात. 1986 च्या सुमारास जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी हे उपकरण सायकलीवर आणले. तत्त्व आजही तेच. पायडल दाबताना धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो व त्यावरून बल आघूर्ण कळते. त्याला कोनीय वेगाने गुणले की शक्ती.

आमचा आक्षेप एकाच क्रँकवरच्या स्वस्त मापकांना आहे. ते डाव्या पायाची शक्ती मोजून दुप्पट करतात! डावा पाय 48 टक्केच काम करीत असेल, तर 200 वॅटचे 192 दिसतात. ही चूक कायम राहती तर सरावाला चालली असती. तिथे कालची आणि आजची तुलनाच हवी असते. पण दमल्यावर पायांतली वाटणी बदलू शकते. मग वाढले ते काय, शक्ती की डाव्या पायाचा वाटा? म्हणून दोन्ही पाय मोजणारा मापक घ्यावा. सराव व शर्यतीची सायकल वेगळी असल्यास पायडलमधला बरा. तो काढून दुसरीकडे लावता येतो.

पडताळणीला बुलढाण्याचा राजूर घाट आहेच. स्वारासह 80 किलो, 100 मीटर उंची 8 मिनिटांत, म्हणजे 78,400 भागिले 480, सुमारे 163 वॅट. चढ 5 टक्के धरल्यास टायर व हवेपायी आणखी 35-40. या रीतीने एका टक्क्याचा निवाडा होणार नाही, पण 170 दाखवणारा मापक विद्यार्थीही पकडतील. निघण्यापूर्वी शून्य मात्र जुळवावे. तापमानाबरोबर ते सरकते.