वातानाबेची नवी हॅट

अकिरा कुरोसावाच्या ‘इकिरू’बद्दल (१९५२) बोलताना बहुतेकांना बर्फात झोपाळ्यावर बसलेला म्हातारा आठवतो. मला मात्र हा सिनेमा अडवून धरतो तो त्याच्या बराच आधी, एका साध्याशा दारूच्या दुकानात. नगरपालिकेतला विभागप्रमुख वातानाबे तिथे एका अनोळखी लेखकाला सांगतो, की त्याने बँकेतून ५० हजार येन काढले आहेत, ते उधळायचे आहेत, पण कसे ते त्याला कळत नाही.

हे वाक्य आपण पटकन ओलांडून जातो, कारण पोटाच्या कॅन्सरची बातमी त्याहून मोठी वाटते. टॉल्स्टॉयच्या इव्हान इलिचशी या सिनेमाचं नातं सांगितलं जातं, तेही मृत्यूच्या अंगाने. पण वातानाबेचं दुखणं कॅन्सरच्या आधीचं आहे. बायको लवकर गेली, मुलगा वाढवायचा होता, म्हणून या माणसाने जवळपास तीस वर्षं एकही रजा न घेता नोकरी केली आणि पैसे साठवले. आता मुलगा आणि सून वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून नवं घर बांधायचा हिशोब करतात, आणि तो अंधारात बसून ऐकतो.

काटकसर हा गुण आहे असं आपण मानतो, आणि ज्या घरात महिन्याची शेवटची तारीख मोठी असते तिथे तो असतोच. पण ती नुसती सवय राहत नाही. ती माणसाच्या नजरेत बसते. वस्तू दिसण्याआधी किंमत दिसते, आणि किमतीच्या आधी ‘अजून चालतंय की’ हे वाक्य. मराठीत याला एक सुंदर आणि क्रूर शब्द आहे: ठेवणीतलं. ठेवणीतली साडी, ठेवणीतले कप. चांगलं ते उद्यासाठी, आणि उद्या पाहुण्यांसाठी. माझं घराचं कर्ज फिटून बरीच वर्षं झाली. तरी स्वतःच्या चष्म्याची फ्रेम बदलायला मला चार महिने लागतात, मुलीच्या फ्रेमला चार मिनिटं. पैसा आड येत नाही, हे मला ठाऊक आहे. आड येतं ते ‘मला हवंय’ हे वाक्य. बरीच वर्षं उच्चारलं नाही की ते जिभेवर येत नाही.

कुरोसावा हे नेमकं दाखवतो. लेखक वातानाबेला रात्रभर फिरवतो: पाचिंको, बिअर हॉल, नाचगाणी. खर्च होतो, पण त्यातलं काहीच वातानाबेचं नसतं. सगळ्या निवडी लेखकाच्या आहेत. ताकाशी शिमुराचे ते ओलसर, विस्फारलेले डोळे पाहावेत. चैन करणारा माणूस असा दिसत नाही. शिक्षा भोगणारा दिसतो. त्या रात्रीतून उरते फक्त एक गोष्ट. जुनी हॅट रस्त्यावर एक बाई पळवते आणि त्याच्या डोक्यावर नवी येते.

मग ऑफिसातली तोयो येते. तिचे मोजे फाटलेले पाहून तो तिला नवे घेऊन देतो. इथे त्याचा हात अडखळत नाही. दुसऱ्यासाठी खिसा उघडणं त्याला येतं, तेवढंच येतं. मुलासाठी आपण असे वाळून गेलो असं तो सांगू लागतो, तेव्हा ही पोरगी त्याला झापते: मुलाने काही तुम्हाला तसं व्हायला सांगितलं नव्हतं. त्यागाच्या हिशोबवहीवर इतका थेट शेरा मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेला नाही.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. प्रश्न स्वतःवर खर्च करण्याचा होता. सिनेमा उत्तर देतो ते दुसऱ्यांसाठी झिजण्याचं. वातानाबे मुलांच्या बागेसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवतो, वाकतो, अपमान गिळतो. हे थोर आहे, पण त्याच्यासाठी हे सोपंही आहे, कारण झिजण्याची त्याला सवयच होती. काटकसरी माणसाला हा सिनेमा इतका आवडतो याचं एक कारण मला हेच वाटतं. तो आपल्याला सेवेची वाट देऊन त्या अवघड वाक्यातून सोडवतो. ‘मला हवंय’ न म्हणताही कृतार्थ होता येतं, असा दिलासा देतो. २०२२च्या ‘लिव्हिंग’ या इंग्रजी रूपांतरात काझुओ इशिगुरोच्या पटकथेनेही हीच वाट धरली आहे.

पण कुरोसावाने एक वस्तू विसरलेली नाही. तेराव्याला जमावेत तसे सगळे सहकारी जमून वातानाबेच्या बागेचं श्रेय वाटून घेत असतात, तेव्हा एक पोलीस त्याची हॅट घेऊन येतो. बागेत सापडलेली. म्हणजे बाग उभी राहीपर्यंत आणि त्या शेवटच्या रात्रीही ती नवी हॅट त्याने वापरली, कपाटात ठेवून दिली नाही. बाग मुलांची झाली, श्रेय उपमहापौराने घेतलं, पैसे घरच्यांसाठी उरले. हॅट तेवढी त्याची. आणि ती बर्फात भिजली, मळली, वापरून झाली.

सिनेमाच्या मोठ्या उत्तरापेक्षा मला हे छोटं उत्तर जास्त खरं वाटतं.